वर गेलेला हात आणि खालची खाट

माझा हात वर गेला तो एसीच्या पुठ्ठ्यासाठी. वाचनालयासाठी नाही. हे मी तेव्हापासून सांगत आलेय, पण अजून कुणाला पटत नाही.

अबुधाबीत मी ज्या घरी कामाला होते, तिथं खिडकीत बसवलेला एसी होता, म्हाताराच म्हणायचा. बाजूच्या फटीतनं गरम वारं यायचं म्हणून तिथं पुठ्ठा कोंबलेला. पुठ्ठा सुटला की असा फडफडायचा, जशी काय आत कोंबडी अडकलीय. मी स्टुलावर चढायचं, हात वर करून तो दाबून धरायचा नि साहेबांनी चिकटपट्टी आणायची, असं आमचं ठरलेलं. मी त्या घरात स्वयंपाक करायची आणि त्यांच्या मुलीला सांभाळायची. मालकीणबाईंना मी ताई म्हणायची, मला मात्र सगळं गाव मावशी म्हणायचं. गाव म्हणजे तिथली मराठी घरं. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळं शुक्रवारी कुणाच्या तरी हॉलात जमायचं.

त्या शुक्रवारी आमच्या हॉलात मतदान होतं. वाचनालय काढायचं का नाही, ह्याचं.

हे खूळ निघालं चकलीवरनं. गावाकडनं फराळ यायचा तो जुन्या पेपरात बांधून. ताई चकल्या डब्यात भरायच्या आणि तो तेलकट कागद मांडीवर सरळ करून वाचत बसायच्या. एकदा एका गोष्टीचा अर्धा भाग आमच्या चकल्यांना आला आणि उरलेला अर्धा समोरच्या बिल्डिंगीतल्या वहिनींच्या शंकरपाळ्यांना. त्या वहिनींनी कागद टाकून दिलेला. गोष्टीतली सून घर सोडून गेली का राहिली, हे कळायला मार्ग नाही. ताई आठवडाभर त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. शेवटी साहेब म्हणाले, ह्यापेक्षा वाचनालय काढा, फराळ सुखानं खाऊ द्या.

मतदानाच्या दिवशी भांडण झालं ते मुसफ्फावरनं. मुसफ्फा म्हणजे शहराबाहेर, सगळी वर्कशॉपं आणि कामगारांचे कॅम्प. आपली बरीच पोरं तिथं वेल्डिंग, पेंटिंग करायची. वाचनालय शहरातल्यांचंच ठेवायचं का मुसफ्फाचंही मिळून एक करायचं, हा प्रश्न. एक साहेब म्हणाले, पुस्तकं ग्रीस लागून परत येतील. समोरच्या वहिनी म्हणाल्या, आणि आपल्याकडची आमटी लागून येतील, मग कुठलं पान वाचवायचं ते ठरवा. त्यावर सगळे हसले आणि भांडण मोडलं. शहर, मुसफ्फा आणि खलिफा सिटीतलं एक घर, असं सगळ्यांचं मिळून एकच वाचनालय. खलिफा सिटीत तेव्हा वाळूच जास्त होती, आणि रीम बेटावर तर काहीच नव्हतं, आता म्हणे तिथं ढगाला टेकलेल्या बिल्डिंगा आहेत.

अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा म्हणून त्यांना अध्यक्ष केलेलं, ऑफिसात ते हिशेब बघायचे. म्हणाले, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. सगळे हात वर. टाळ्या. कुणीतरी म्हणालं, यल्ला, खलास, झालं वाचनालय.

अध्यक्ष म्हणाले, झालं कुठं, आता तर सुरू झालं. पहिली गोष्ट जागा. कुणाकडं जागा आहे त्यांनी हात वर करा.

पाऊस आला की दोरीवरचे कपडे जसे भराभरा उतरतात तसे हात उतरले. कोण चहाच्या कपात बघतंय, कोण पोराचं नाक पुसतंय. आणि नेमका त्याच वेळी पुठ्ठा सुटला. मी स्टुलावर चढून हात वर केला, पुठ्ठा दाबून धरला, आणि मागं वळून बघते तर सगळं घर माझ्याकडं बघतंय.

"वा, मावशी," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांत मोठं मन कुणाचं, बघा."

टाळ्या पडल्या. मला वाटलं पुठ्ठ्यासाठी वाजवतायत. ताईंनी माझ्याकडं बघितलं, साहेबांनी ताईंकडं बघितलं, आणि कुणी काही बोलायच्या आत अध्यक्षांनी पुढचा विषय काढला. मी स्टुलावरनं उतरले आणि कप गोळा करायला लागले. कप विसळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडं जागा म्हणजे माझी खोली.

त्या खोलीचं सांगायला पाहिजे. तिथल्या फ्लॅटांना स्वयंपाकघरामागं एक खोली असते, कामाच्या बाईसाठी. मेडरूम म्हणतात. एक खाट आणि एक ट्रंक मावायची. खिडकी उघडली की शेजाऱ्यांच्या एसीचं गरम वारं तोंडावर. ट्यूबलाइटच्या मागं एक पाल राहायची, ती माझ्या आधीपासूनची भाडेकरू. पण त्या खोलीला आतनं कडी होती.

कडीचं कौतुक तुम्हाला नाही कळायचं. लहानपणी आम्ही नऊ जण एका खोलीत. लग्न झालं तिथं दाराला गोणपाट. मालक गवंडीकाम करायचे, परांचीवरनं पडले, तीन वर्षं अंथरुणात काढून गेले. दोन पोरी आईकडं टाकून मी तालुक्याला मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या, झोपायला पोळ्यांच्याच ओट्याखाली. मग एका ओळखीतनं इकडं आले. पहिल्या घरी फ्रिज आणि गॅसची टाकी ह्यांच्या मधे चटई. कुणाला पाणी पाहिजे असलं की मला ओलांडून जायचं. एक मुलगा तर रोज एकाच गुडघ्यावर पाय द्यायचा, इतका नेम त्याचा. मी पाय मुडपून झोपायची सवय तिथं लावली. मग ताईंनी मला ठेवलं, खोली दाखवली, आणि मी पहिलं काय केलं तर दार लावून कडी घातली, काढली, परत घातली. बाहेरनं ताई विचारतायत, मावशी, दार अडकलं का?

तर ती खोली वाचनालयाला गेली, माझ्याच हातानं. ताई म्हणाल्या, मावशी, तुम्ही हॉलात झोपा, तिथं एसी आहे, थंड वाटेल. त्यांना खरंच वाटत होतं की माझं बरं होतंय. मी हो म्हटलं. कामाच्या बाईला विचारलं की हो म्हणायचं, तेवढीच भाषा मला येत होती.

पुढचे दीड-दोन महिने नुसता धुमाकूळ. दर शुक्रवारी समिती बसायची आणि मी चहा द्यायची. पहिलं ठरलं पुस्तकांचं. सुट्टीला गावाकडं जाईल त्यानं येताना बॅगेत पुस्तकं आणायची. लिहायला सोपं आहे, पण बॅग भरताना घराघरात महाभारत. एका वहिनींनी सासूचे पापड काढून कादंबऱ्या भरल्या, सासूनं विमानतळावर फोन करून विचारलं, पापड पोचले का, तर ह्या म्हणतात, दोन भागांत पोचले. एकानं घाईत बॅगच चुकीची उचलली. घरी येऊन उघडली तर आत कुणा केरळच्या माणसाची केळ्याची वेफर्स आणि मोठमोठे ब्लाऊजपीस. त्याच्याकडं आपली ऐतिहासिक पुस्तकं गेलेली. चार दिवसांनी अदलाबदल झाली, तो माणूस म्हणाला, चित्रं फार छान होती. वेफर्स तोवर समितीनं संपवलेली.

दुसरं ठरलं, बोर्ड लावायचा नाही. तिकडं असं काही काढायला परवानग्या लागतात. कुणी विचारलं, एवढे लोक का जमलेत, तर भिशी आहे म्हणायचं. हे सगळ्यांनी पाठ केलं. जरा जास्तच पाठ केलं, ते पुढं सांगते.

तिसरं होतं माणूस. मी चहाचा ट्रे घेऊन हॉलात शिरले आणि अध्यक्ष मोठ्यानं म्हणत होते, जागा झाली, पुस्तकं येतायत, आता आपल्याला ग्रंथपाल पाहिजे.

मला ऐकू आलं ते शेवटचं. मी ट्रे तसाच धरून भिंतीवर बघितलं. म्हटलं, "कुठाय पाल?"

अध्यक्षांच्या नाकातनं चहा आला. ताई सोफ्यावर आडव्या. ताईंची मुलगी तिथंच जन्मलेली, तिला मराठी कळायचं पण बोलायची इंग्लिश. ती विचारत होती, व्हॉट इज पाल, व्हॉट इज पाल. साहेब म्हणाले, लिझर्ड. ती म्हणाली, वुई नीड अ बुक लिझर्ड? झालं. तेव्हापासून कुणी ग्रंथपाल म्हणेना, सगळे पालच म्हणायचे. पाल मिळाली का, पाल कोण होणार. आणि पाल कुणी होईना. दर शुक्रवारी घरी बसून पुस्तकं द्यायची-घ्यायची, कुणाला वेळ होता? मला पण हसू आलं, पण सामान यायचं होतं तोवर मी खोलीतच झोपायची, रात्री दिवा लावला की ती खरी पाल ट्यूबलाइटमागनं तोंड काढायची, आणि मी तिला म्हणायची, तुझं बरंय बाई. तुला कुणी हॉलात जा म्हणणार नाही.

मग आलं कपाट. लाकडी महाग, तेव्हा मुसफ्फातला एक वेल्डर म्हणाला, लोखंडी रॅक आम्ही करतो, उरलेल्या अँगलचा. कऱ्हाडकडचा माणूस, माझ्याच भागातला. त्याला मी दादा म्हणायची, वयानं लहान असला तरी. तो टेप घेऊन माप घ्यायला आला. भिंत मोजली, दार मोजलं. मग माझ्या ट्रंकेकडं बघितलं, उशीकडं बघितलं.

"मावशी, तुम्ही कुठं झोपणार?"

इतक्या दिवसांत हे विचारणारा तो पहिला माणूस. मी म्हटलं, हॉलात. त्यानं खडूनं भिंतीवर आणखी एक रेघ मारली आणि गेला.

पुढच्या शुक्रवारी पिकअपवर घालून त्यांनी रॅक आणला. लिफ्टमध्ये मावेना. चौघांनी जिन्यानं वर चढवायला घेतला, वळणावर अडकला, एक जण खालच्या मजल्यावर, एक भिंतीला चिकटलेला. बिल्डिंगीचा नातूर, म्हणजे वॉचमन, आवाज ऐकून आला. पठाण होता. त्यानं विचारलं, ये क्या है? आणि भिंतीला चिकटलेला तो पोरगा घाबरून पाठ केलेलं बोलला, "भिशी."

नातूर म्हणाला, "भिशी इतनी भारी?" आणि खांदा लावला. त्याच्यामुळंच तो वर आला.

माझी जुनी खाट बाहेर काढून तो खोलीत उभा केला तेव्हा समिती वाकून वाकून बघायला लागली. कारण तो रॅक नव्हताच. कॅम्पात पोरं झोपतात तसल्या वरखाली खाटा. हिरवा रंगसुद्धा तोच. वरच्या खाटेवर तेवढ्या तीन फळ्या वाढवून छतापर्यंत नेलेल्या. खाली फळीची ऐसपैस खाट, माणूस पाय लांब करून झोपेल एवढी.

अध्यक्ष म्हणाले, "हे काय, पुस्तकं झोपवायची का?"

दादा टोपी काढून उभा. म्हणाला, "साहेब, वर्कशॉपात वर्षभर हेच चाललंय. हाताला वळण तेच. रॅक म्हणूनच सुरू केलं, पण खाट होऊन बाहेर आली."

लोक इतके हसले की शेजाऱ्यांनी भिंत वाजवली. मुद्दाम केलं का चुकून झालं, हे मी त्याला पुढं किती वेळा विचारलं असेल. तो नुसता हसायचा. त्या दिवशी मात्र माझ्या जीवात जीव आला आणि लगेच गेला, कारण अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, खाली मासिकं ठेवू. आणि ठेवली. जिथं माझं डोकं आलं असतं तिथं दिवाळी अंकांचा गठ्ठा.

उद्घाटन ठरलं. लाल फीत आणायची राहिली, तर ताईंनी नव्या परकराची लाल नाडी ओढून काढली आणि दाराला बांधली. कापायला कात्री मिळेना, ती मीच सकाळी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर कापायला घेतलेली नि कुठंतरी ठेवलेली. शेवटी अध्यक्षांनी नाडीची गाठ सोडून उद्घाटन केलं. नाडी सोडताना त्यांचं तोंड बघण्यासारखं झालेलं. त्यांची बायको म्हणाली, सवय दिसत नाही. बायका पदराआड खिदळायला लागल्या त्या थांबेचनात.

खोलीत जेमतेम पाच-सहा माणसं, बाकी सगळे स्वयंपाकघरात आणि पॅसेजमध्ये. मुसफ्फाची पोरं इस्त्रीचे शर्ट घालून आलेली. अध्यक्षांनी मोठ्यानं नियम सांगायला सुरुवात केली. पुस्तक उशिरा आणलं तर एक दिरहॅम दंड. मागनं कुणीतरी म्हणालं, म्हणजे दहा रुपये, तेवढ्यात तर पुस्तकच येतं. वाचताना खायचं नाही. ह्याला ताईच नको म्हणाल्या. मग ते म्हणाले, वाचनालय शुक्रवारचं सोडून बंद राहील. आतली कडी काढून बाहेरनं कुलूप बसवायचं आणि किल्ली अध्यक्षांकडं. खिशातनं त्यांनी नवंकोरं कुलूप काढून दाखवलं.

माझी ट्रंक तेव्हा हॉलात गेलेली, सोफ्यामागं. एक रात्र मी तिथं काढून बघितली होती. थंड होतं, खोटं कशाला बोलू. साहेब पाणी प्यायला आले, मला बघून दचकले, सॉरी म्हणाले आणि पाणी न पिताच गेले. त्यांच्या घरात त्यांनाच चोरासारखं झालं. माझे पाय आपोआप मुडपलेले.

कुलूप बघितलं आणि मी हात वर केला. ह्या खेपेला पुठ्ठा जागेवर होता.

अध्यक्ष म्हणाले, "मावशी, चहा नंतर. नियम होऊ देत."

मी म्हटलं, "चहा नाही. मला मत द्यायचंय."

सगळे वळले. मी हात खाली घेतला नाही, घेतला असता तर परत वर गेला नसता. मी म्हटलं, "तुम्हाला पाल पाहिजे ना? मी होते."

हशा पिकला. ग्रीसवाले साहेब विचारतात, मावशी, वाचता येतं का? मी म्हटलं, तिसरीपर्यंतचं येतं, जोडाक्षराला अडखळते. पण पुस्तक कुणी नेलं आणि कुणी दाबून ठेवलं, हे तोंडं बघून कळतं, त्याला जोडाक्षर लागत नाही. मुसफ्फाच्या पोरांनी शिट्टी मारली. हे ग्रीसवाले स्वतःच चार पुस्तकं दाबून बसलेले, वाचनालय उघडायच्या आधीच.

मग मी खरं ते बोलले.

"पण पालीला कुणी संध्याकाळी बाहेर काढून कुलूप लावतं का? ती राहते तिथंच. मी खालच्या खाटेवर राहीन. मासिकं वर चढवा. आणि आतली कडी आहे तशी ठेवा."

आता कुणी हसलं नाही. ताई म्हणाल्या, "मावशी, मला वाटलं तुम्हाला हॉल थंड म्हणून बरा."

"थंड आहे ताई," मी म्हटलं, "पण त्याला दार नाही."

आणि बरोब्बर तेव्हा ट्यूबलाइटमागनं आवाज आला. चुक चुक चुक. समोरच्या वहिनींनी लगेच जमिनीवर बोट आपटलं, कृष्ण कृष्ण म्हणाल्या, आणि म्हणाल्या, बघा, खरं आहे म्हणतेय ती. आमच्यात असंच मानतात, बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं. ती पाल चुकचुकली का दारातल्या वेल्डर दादानं जीभ टाळ्याला लावली, हे मी सांगू शकत नाही. तो त्या वेळी छताकडं बघत होता, फार भक्तिभावानं.

अध्यक्ष हिशेबाचा माणूस. म्हणाले, नियमानं होऊ दे, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. पहिला हात ताईंचा गेला. मग वहिनींचा, मग पॅसेजमधले, स्वयंपाकघरातले, ज्यांना आत काय चाललंय दिसतसुद्धा नव्हतं त्यांचे. मुसफ्फाच्या पोरांनी दोन-दोन वर केले. ताईंची मुलगी ओरडली, मावशी इज द बुक लिझर्ड, आणि सगळं घर परत हसत सुटलं. मासिकं हातोहात वर गेली. दिवाळी अंक अजून चढवतायत तोवर मी हॉलातनं ट्रंक ओढत आणली, कुणाला हात लावू दिला नाही.

अध्यक्षांनी कुलूप परत खिशात टाकलं, पण जाता जाता म्हणाले, मग आम्ही पुस्तकाला आलो की आत कसं यायचं? मी म्हटलं, जसं कुणाच्याही घरी येतात तसं. दार वाजवून.

पुढच्या शुक्रवारी पहिले तेच आले. मी खाटेवर पाय लांब करून बसलेली. दारावर टकटक झालं. आयुष्यात मी आत असताना कुणी दार वाजवायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं मला आधी कळेचना की हे माझ्यासाठी आहे. परत टकटक झालं. बाहेरनं तो मोठा आवाज एकदम बारीक होऊन म्हणाला, "मावशी, येऊ का?"

"थांबा जरा," मी म्हटलं, "पदर सारखा करते."

पदर जागेवरच होता. मी तशीच बसून राहिले आणि वर बघितलं. ट्यूबलाइटमागनं पाल पण बघत होती. बाहेर स्वयंपाकघरात अध्यक्ष पुस्तक हातात धरून गॅसच्या शेगडीशेजारी उभे. माझं चांगलं हसून झालं, तोंड पुसलं, मग उठून कडी काढली.